कोर्टाची पायरी चढणारी लेक



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. धुऱ्याच्या भांडणात ज्याने दोन पिढ्यांची कमाई घालवली, त्याला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. पण हल्ली माजरीसारख्या गावातून निराळाच प्रश्न कानावर येतो. लेक समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकते, मुलगा वकिलीला आहे, आणि कॉलेज म्हणते की कोर्टात, तुरुंगात जाऊन काम शिका. आई म्हणते, "साहेब, पोरीला शिकायला घातलं, जेलात नाही घातलं." बापाची काळजी वेगळी. उद्या सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील?

काळजी रास्त आहे. म्हणून हे काम असते तरी काय, ते आधी नीट पाहू.

कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले आपल्या गावी येतात, ते कृषीदूत आणि कृषीकन्या तुम्हाला माहीत आहेत. बीजप्रक्रिया त्यांनी पुस्तकात वाचलेली असते, पण हात भरतात ते तुमच्या वावरात. समाजकार्याच्या मुलांचेही तसेच. वर्गातल्या शिक्षणाबरोबर बहुधा आठवड्यातले दोन दिवस त्यांना क्षेत्रकार्य करावे लागते. कोणी दवाखान्यात जातो, कोणी बालगृहात, कोणी तुरुंगात. वकिलीच्या मुलांना तर नियमच आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे प्रत्यक्ष काम शिकावे लागते. एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहावा लागतो आणि त्याची वही लिहावी लागते.

ही वाट महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून समाजकार्य शिकवते आहे. तिने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईचे म्हणणे तिथे शिकलेली समाजकार्यकर्ती ऐकून घेते. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. 1990 मध्ये याच संस्थेने 'प्रयास' हा उपक्रम मुंबईत तुरुंगातील कैद्यांसाठी सुरू केला. आपल्याकडेही गडचिरोलीत आणि चंद्रपूरजवळ पडोलीत समाजकार्य महाविद्यालये आहेत.

आता विचाराल, तुरुंगात विद्यार्थ्याचे काय काम? एक उदाहरण धरून चालू. हाणामारीच्या गुन्ह्यात एक गडी आत गेला. कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार हवा. घरी म्हातारी माय, बायको अंगठाबहाद्दर. जामीनदाराने आपला सातबारा, आधार, राहण्याचा पुरावा घेऊन उभे राहायचे असते, हे घरी कोणी सांगितलेच नाही. वनजमिनीवर पोट भरणाऱ्याकडे तर पुष्कळदा सातबाराच नसतो. गडी गोंडी किंवा माडिया बोलणारा असला, तर कोर्टात काय ठरले तेही त्याला उमगत नाही. जामीन झालेला माणूस आतच राहतो आणि इकडे पेरणी निघून जाते.

अशा माणसाजवळ बसून विद्यार्थी साध्या गोष्टी विचारतो. वकील कोण? तारीख कधी? घरी निरोप गेला का? मुले कोणाजवळ आहेत? मग ते आपल्या मार्गदर्शकाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवतो. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सांगितले आहे की, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने या प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये आणखी एक तरतूद आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडता येते. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याला मात्र हे लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असले तरीही नाही. कायदा कागदावर आहे. तो त्या गड्यापर्यंत नेणारे माणूस लागते. तुमची लेक ते माणूस व्हायला शिकते आहे. तिला गोंडी येत असेल, तर मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा तिचा उपयोग अधिक.

महिला कैद्यांच्या बराकीत सहा वर्षांपर्यंतची लेकरे आईजवळ राहू शकतात. त्यांचा गुन्हा काहीच नसतो. त्यांना अक्षर-अंक शिकवणे, गोष्ट सांगणे हेही या कामातच येते.

मात्र डोळे मिटून पाठवा, असे मी म्हणणार नाही. कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा. तुरुंग खात्याचे परवानगीपत्र आहे का? बरोबर मार्गदर्शक कोण? परतायला किती वाजतील, कोणती गाडी मिळेल? आत ऐकलेल्या गोष्टींनी मन जड झाले, तर ती कोणाशी बोलेल? उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर दुसरी जागा मागा. त्यात लाज नाही.

लेकीलाही तीन नियम पाळू द्या. कोणाची चिठ्ठी, पैसा वा वस्तू आतबाहेर न्यायची नाही. "तुला सोडवून आणते" असे वचन द्यायचे नाही. आणि ऐकलेले नाव गावात काढायचे नाही. हा तिसरा नियम घरच्यांसाठीही आहे. ती संध्याकाळी परत आली, की चुलीपाशी "कोणाचा पोरगा होता गं?" असे विचारू नका. जेवायला वाढा.

शेवटी गावासाठी दोन शब्द. कोठडीत असलेल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा फोन क्रमांक आहे. या कामाचे कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. आणि कोणी जामीनदार व्हा म्हणाले, तर माणूस ओळखीचा असेल तरच सातबारा घेऊन जा. तो तारखेला हजर राहिला नाही, तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

भांडायला कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण दुसऱ्याला खाली उतरवून घरी आणायला कोणी तरी ती चढायला हवी. ती आपली लेक असेल, तर सोयरिकीच्या वेळी हे मान वर करून सांगा.

असो. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बोलू.