डिस्ट्रो बदलली, पण नेमके काय बदलले?



लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींना एक खोड असते. आज एक डिस्ट्रो, पुढच्या महिन्यात दुसरी! "ही फार जलद आहे", "ती नको, जड पडते" अशी विधाने ही मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने करतात. मीही त्यांतलाच एक. तेव्हा पुढील टीका प्रथम माझ्यावरच आहे, असे समजावे.

डिस्ट्रो म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांचा कारभार हा गाभा पाहतो. पण नुसत्या गाभ्यावर तुम्हांला ना पत्र लिहिता येईल, ना चित्र पाहता येईल. गाभा, त्याभोवतीचे प्रोग्रॅम, पडद्यावरचा दर्शनी भाग आणि नवे प्रोग्रॅम बसवण्याची सोय हे सारे एकत्र बांधून दिले की झाली डिस्ट्रो. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये सुरू केलेली डेबियन ही अशीच एक. २००४ मध्ये आलेली उबुंटू डेबियनच्याच पायावर उभी आहे. दोन्हींत 'ॲप्ट' ही एकच आज्ञा चालते.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे ४ जीबी स्मृतीचा एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर उबुंटू होती. ब्राउझर उघडायला सांगितला की डिस्क खरखरू लागे, आणि तो उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होई. म्हणून मी डेबियन बसवली. यंत्र एकदम तरतरीत झाले! "डेबियन उबुंटूहून जलद आहे", असे मी भेटेल त्याला सांगत सुटलो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दर्शनी भाग तोच ठेवला होता का?"

मी निरुत्तर झालो. उबुंटूवर ग्नोम हा दर्शनी भाग होता. डेबियन बसवताना मी एक्सएफसीई निवडला होता, आणि तो मुळातच हलका. शिवाय जुन्या स्थापनेत वर्षानुवर्षांचा कचरा साठला होता, नवी कोरी होती. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिले. साध्या लंबकाच्या प्रयोगात तुम्ही गोळा बदललात, दोरीही आखूड केलीत, आणि 'गोळ्याच्या वजनामुळे आवर्तकाल घटला' असे वहीत लिहिलेत, तर मी त्यावर लाल रेघ ओढल्याशिवाय राहीन काय?

पुढच्या रविवारी उबुंटू नव्याने चढवली, तिच्यावर एक्सएफसीई बसवला. यंत्र सुरू केल्यावर दुसरे काहीही न उघडता 'फ्री' ही आज्ञा देऊन किती स्मृती खर्च झाली ते पाहिले. दोन्ही डिस्ट्रोंची वाचने तीन तीन वेळा घेतली. फरक किरकोळच निघाला. ग्नोम लावला मात्र, आणि खर्च एकदम वाढला.

या खटाटोपात एक किंमतही मोजावी लागली, ती सांगायला लाज वाटते. डेबियन प्रथम बसवताना 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय मी घाईने स्वीकारला. यंत्राने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले होते. मी न वाचताच होकार दिला. बी.एस्सी.च्या मुलांनी केटरच्या लंबकावर घेतलेली दोन वर्षांची वाचने पुसली गेली. त्यांची दुसरी प्रत नव्हती. पुढच्या तुकडीला तुलनेसाठी द्यायला आज माझ्याकडे काही नाही.

काही शिक्षक बंधुभगिनींचे म्हणणे असे की, मुलांनी एकच प्रणाली नीट शिकावी, ही धरसोड कशाला? हे मला पटत नाही. ज्याने एकच प्रणाली पाहिली, त्याला त्या प्रणालीचा मेनू म्हणजेच संगणक वाटतो. दुसरी पाहिली की फाइल, फोल्डर, आज्ञा यांत कायम काय राहते आणि नुसती जागा कशाची बदलते, ते उमगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यावर चालणारी जुनी यंत्रे शाळेत असतील, तर प्रयोगाला ती उत्तम. त्यासाठी डिस्कला हात लावण्याचीही गरज नाही. बहुतेक प्रमुख डिस्ट्रो पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. मात्र वेगाची तुलना तेथे करू नका, कारण पेनड्राइव्ह स्वतःच मंद असतो!

माझ्या लॅपटॉपवर सध्या डेबियनच आहे. कारण वेग नव्हे, हे तर आता कळलेच. तिच्या नव्या आवृत्त्या सुमारे दोन वर्षांनी येतात, मध्येच काही हलत नाही, असे मी सांगत असतो. पण उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्याही दोन वर्षांनीच येतात, तेव्हा हेही कारण फारसे टिकत नाही. आवड, एवढेच वहीत लिहून ठेवले आहे.