इवले पेले

गतवर्षी मे महिन्यात शाळेतील आठ-दहा विद्यार्थ्यांसह नैनीतालला जाण्याचा योग आला. बांजाच्या रानातून आम्ही चाललो असता सातवीतील एक मुलगा पायवाटेच्या कडेला थबकला. "सर, बाहुल्यांचे पेले!" मी वाकून पाहिले. ओलसर उतारावर पेराएवढेही उंच नसलेले, राखी-हिरवे पेले दाटीने उभे होते. "शेवाळ आहे," असे मी मुख्याध्यापकी थाटात सांगून टाकले. त्याने एक झुबका उपटून आगपेटीत ठेवला. मी त्याला अडविले नाही.

ग्वाल्हेरला परतल्यावर मुलाने तो शेणखताच्या कुंडीत लावला, दोन वेळा पाणी घातले. पंधरवड्यात सारे कुजले. "सर, शेवाळ पाण्यानेच वाढते ना?" या त्याच्या प्रश्नाने माझी झोप उडाली. मराठीचा शिक्षक असलो तरी चुकीचे उत्तर देण्याची मुभा मला नव्हती. पुस्तके काढून बसलो.

वाचकहो, ते शेवाळ नव्हतेच. ते शैवाक होते. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचे भावंड. शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि सूक्ष्म शैवल यांचा एकत्र संसार आहे. बुरशी निवारा देते, शैवल उन्हात अन्न शिजविते. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी त्याला वेड्यात काढले होते.

पेलेवाल्या शैवाकांच्या कुळाचे नाव क्लॅडोनिया. त्यांची ओळख अशी : तळाशी मातीला बिलगलेले बारीक खवले, त्यांतून वर आलेला देठ आणि देठाच्या टोकाला पेला. पेल्याच्या आत भरड कण व चकत्या असल्या तर बहुधा क्लॅडोनिया पिक्सिडाटा; देठ सडपातळ आणि अंगावर पिठासारखी भुकटी असली तर क्लॅडोनिया फिम्ब्रिआटा. काठावरचे ठिपके काहींत तपकिरी, तर काहींत लालभडक असतात. तथापि रूप फसवे असते. जाणकार भिंग तर वापरतातच, शिवाय रसायनाचा थेंब टाकून रंग पालटतो का, तेही पाहतात.

परंतु खरी ओळख पटते ती त्याच्या वस्तीवरून. निकस माती, कुजका बुंधा, शेवाळलेला खडक, जिथे मोठ्या झाडोऱ्याची गर्दी नाही, तिथे हे वसते. त्याला मुळे नसतात. पाऊस, धुके आणि हवा यांतूनच ते पोसले जाते. भिजावे, पुन्हा खडखडीत वाळावे, हा त्याचा जीवनक्रम. आमच्या मुलाने प्रेमाने घातलेले खत आणि पाणी हेच त्याच्या जिवावर उठले. दूषित हवाही बहुतेक शैवाकांना सोसत नाही. पॅरिसच्या एका उद्यानातील शैवाकांवरून नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ सालीच हवेची पारख केली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी माझी चूक सांगितली. मुले क्षणभर गप्प झाली. मग तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, ते मी मारले नाही?" "आपण दोघांनी," मी म्हणालो.

यंदा पुन्हा पहाडात जायचे आहे. त्याने नवी वही केली आहे. तीत रकाने आखले आहेत : जमीन, उतार, जवळचे झाड, ऊन-सावली. आगपेटी मात्र नेणार नाही, असे तो आपणहून म्हणाला.