ताल जमला तर...
चष्म्याच्या दुकानातलं काचा धुणारं अल्ट्रासोनिक मशीन पाहिलंयत? आवाजाच्या लाटांनी त्यातले बुडबुडे फुगतात, आकसतात. शेजारचे दोघं एकाच वेळी फुगले-आकसले तर एकमेकांकडे ओढले जातात. एक फुगताना दुसरा आकसला, तर लांब ढकलले जातात. नॉर्वेच्या कार्ल अँटोन ब्यर्कनेस यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या वीज प्रदर्शनात ही ओढाताण पाण्यातल्या धडधडत्या गोळ्यांवर दाखवली होती. मधासारख्या दाट द्रवात मात्र धडधड लवकर विरते, सरकणंही जड जातं.

लग्नाला दोन वर्षं झाली. तिची नाइट शिफ्ट, माझी डे. प्रेम आटलेलं नाही हो, ताल चुकलाय! त्यात थकव्याचा दाट मध. म्हणून इन्क्रिमेंट नाही, यंदा मी बॉसकडे शिफ्ट बदलून मागतोय. तुमचा ताल कसाय?