विचारण्याचीही एक शिस्त असते

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत 'पुढे काय' हा एकच विषय होतो. डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा या ठरावीक उत्तरांच्या जोडीला 'मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे' असे सांगणारी मुले, आणि आता मुलीही, शहरांप्रमाणेच खेड्यापाड्यांतूनही भेटतात. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या नंदुरबारच्या मातीत १९४२ साली शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांनी कोवळ्या वयात तिरंग्यासाठी गोळ्या झेलल्या, त्या मातीला धैर्य शिकवावे लागत नाही. वानवा आहे ती नेमक्या माहितीची आणि मार्गदर्शनाची.

शहादा तालुक्यातील म्हसावदचे उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. अशा गावातल्या मुलाने सल्ला विचारायचा तो कुणाला? सैन्यातून निवृत्त होऊन आलेला एखादा सुभेदार वा हवालदार, सुटीवर आलेला एखादा तरुण अधिकारी, छात्रसेनेचे काम पाहिलेले एखादे शिक्षक, अशी बोटांवर मोजण्याइतकीच माणसे परिसरात असतात. पंचक्रोशीतल्या मुलांचा भार त्यांच्यावर असतो. त्यांच्याकडे आपण कसे जातो, काय विचारतो आणि काय विचारण्याचे टाळतो, याचा परिणाम आपल्या एकट्या मुलापुरता राहत नाही, म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

सर्वसाधारणपणे घडते ते असे. जवान वा अधिकारी वर्षभराने घरी येतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी, पूर्वसूचना न देता, चार मंडळी ओट्यावर येऊन बसतात. ज्याला प्रवेश हवा तो मुलगा मागे उभा असतो. बोलतात ते वडील आणि त्यांचे स्नेही. पहिला प्रश्न येतो, 'काही सेटिंग करावी लागते का?' दुसरा येतो, 'नाना, तुमची वर ओळख असेलच की!' मग पगार किती, सवलती कोणत्या, याची चौकशी होते. निघताना दूरध्वनी क्रमांक घेतला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो दहा जणांकडे पोहोचलेला असतो. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. मुलाच्या भवितव्याची काळजी बापाला अशी घाई करायला लावते. पण समोरच्या माणसाने त्यातून काय ऐकले, याचा विचार होत नाही. ज्याने बर्फात, वाळवंटात उमेदीची वर्षे काढली, त्याला आपण नकळत सांगत असतो की, 'तुम्हीही असेच कुणाच्या ओळखीने लागला असाल.' अपमान याहून निराळा नसतो.

शिफारशीचा हा प्रश्न ज्या काळातला आहे, तो काळ मागे पडून शतक होत आले. इंग्रजी राजवटीत १९१८ नंतर सॅण्डहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा ठेवल्या गेल्या. त्या मिळविताना घराणे, सरकारनिष्ठा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे अनुकूल मत यांना मोठे मोल होते. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला तो दरवाजा जवळजवळ बंदच होता. अधिकारीपदाचे शिक्षण आपल्या मुलांना आपल्याच भूमीत मिळावे, या तळमळीतून डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला सैनिकी शाळा उभी केली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तेथील प्रवेश आज खुल्या स्पर्धेतून होतो. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो, एका वेळी सुमारे ४०० जागा भरल्या जातात आणि त्यांसाठी देशभरातून लाखो अर्ज येतात. उमेदवारीसाठी गैरमार्गाने पाठबळ मिळविणे हा आयोगाच्या नियमांनुसार गैरवर्तनाचा प्रकार असून त्यापायी उमेदवारीच रद्द होऊ शकते. 'ओळख' शोधणारा बाप अशा रीतीने मुलाचा मार्ग मोकळा करीत नाही, तर धोक्यात आणतो.

ज्यांना याविषयी अजून शंका असेल, त्यांनी साताऱ्याच्या महाडिक कुटुंबाकडे पाहावे. १९६१ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेत घडलेले कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचा निश्चय केला. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल झाली. निवड मंडळाची कसोटी मात्र त्यांनाही द्यावी लागली. चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतील खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. जिथे हुतात्म्याच्या पत्नीलाही कसोटी चुकली नाही, तिथे गावातल्या सुभेदारांनी आपल्या मुलासाठी चिठ्ठी द्यावी अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला काय अधिकार?

मग विचारायचे तरी काय? गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची रीत सांगताना प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. प्रणिपात म्हणजे नम्रता, हे सारेच जाणतात. परिप्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होते. स्वतः वाचून, विचार करून, जिथे अडले तिथेच विचारलेला प्रश्न तो परिप्रश्न. छापील माहितीपत्रकात जे आहे ते विचारणे हा परिप्रश्न नव्हे. तो दुसऱ्याच्या वेळेचा अपव्यय होय.

आयोगाच्या अधिसूचनेत पुष्कळ काही स्पष्ट असते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे, उमेदवार अविवाहित, बारावीला बसलेल्यांनाही अर्ज करण्याची मुभा. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांत गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००. गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो, हे कला शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीच्या आधीच ध्यानात घ्यावे. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नसतात. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा होतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि मुलींना परीक्षा शुल्क नाही. निवड झाल्यावर निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांसह प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. किरकोळ वैयक्तिक खर्च तेवढा घरून द्यावा लागतो. एवढे वाचायला एक संध्याकाळ पुरते.

ती संध्याकाळ खर्च करून आलेला मुलगा निराळे प्रश्न विचारतो. 'माझे इंग्रजी वाचन कच्चे आहे, रोज काय वाचू?' 'गटचर्चेत मी गप्प राहतो, ही सवय कशी मोडू?' 'पहिल्या प्रयत्नात अपयश आले तेव्हा तुम्ही काय बदलले?' असे प्रश्न ऐकून कोणताही सैनिक खुर्ची पुढे ओढून घेतो. कारण यांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. ती त्याच्या आयुष्यात असतात.

योग्य प्रश्न योग्य व्यक्तीला विचारणे, हाही आदराचाच भाग आहे. जवान म्हणून, २०२२ पासून अग्निवीर म्हणून, होणारी भरती वेगळी आणि प्रबोधिनीचा अधिकारी-प्रवेश वेगळा. निवृत्त हवालदारांना आयोगाच्या परीक्षेतील बारकावे ठाऊक नसतील, तर त्यांत कमीपणा नाही. उलट पहाटेचा व्यायाम, पायांची निगा, शिस्त, एकत्र राहण्याची सवय यांविषयी त्यांच्याइतके कोण सांगणार? 'तुम्ही काय, साधे शिपाईच होतात ना,' असे म्हणणाऱ्याने अधिकारी होण्याचे स्वप्न पाहूच नये. उद्या ज्या जवानांचे नेतृत्व करायचे, त्यांच्याविषयीचा आदर गावातल्या हवालदारांच्या ओट्यावरच सिद्ध होतो.

काही प्रश्न मनात आले तरी ओठांवर आणू नयेत. तुकडी सध्या कुठे आहे, पुढची नेमणूक कुठे, हे विचारू नये. ते सांगण्याची त्याला मुभा नसते आणि न सांगण्याने त्याची पंचाईत होते. 'किती शत्रू मारले?' हा प्रश्न तर चारचौघांत आणि मुलांदेखत विचारला जातो. ज्याने सोबत्याचे पार्थिव खांद्यावरून आणले असेल, त्याच्यावर या प्रश्नाने काय ओढवते, याची कल्पना करावी. हुतात्म्याच्या घरी मार्गदर्शन मागायला जाण्यापूर्वी त्या घराची इच्छा आधी जाणून घ्यावी.

आणखी एक सूचना, खास पालकांसाठी. प्रश्न मुलाने किंवा मुलीने स्वतः विचारावेत. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळापुढे पाच दिवसांची परीक्षा असते, तीही ९०० गुणांची. तेथे उमेदवार छातीवरच्या क्रमांकाने ओळखला जातो. मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये, मुलाखत यांतून घर, गाव, मित्र, शिक्षक यांच्याशी तो कसा वागतो हेच निरनिराळ्या बाजूंनी पाहिले जाते. तेथे वडील बरोबर नसतात. ज्या मुलाला गावातल्या सुभेदारांसमोर चार वाक्ये स्वतः बोलू दिली नाहीत, त्याने तिथे काय बोलावे? मुलींबाबत तर हे अधिकच खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशाने त्यांना ही परीक्षा खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ छात्र-कन्यांची पहिली तुकडी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. आपल्या लेकीला स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारू देणे, ही तिच्या तयारीची पहिली पायरी आहे.

संयम म्हणजे गप्प बसणे मात्र नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातील बहुसंख्य समाज जनजातीय आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरची पावरा वा भिल्ल मुले डोंगर चढण्यात, काटकपणात कुणाला हार जाणारी नाहीत. पण त्यांचे वडील कुणाच्या ओट्यावर जाऊन प्रश्न विचारीत नाहीत. आपण विचारावे की नाही, हाच संकोच त्यांना अडवितो. इकडे ज्यांना संकोच ठाऊकच नाही, ते मार्गदर्शकाला इतके शिणवतात की तो पुढच्या सुटीत दार लावून घेतो. ते दार खरे बंद होते ते या पाड्यावरच्या मुलावर, ज्याने अजून एकही प्रश्न विचारलेला नसतो. आपल्या उतावळेपणाची किंमत दुसऱ्याचेच लेकरू मोजते, हे आपल्याला कधी दिसतही नाही.

म्हणून आमची कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना सूचना आहे. अधिसूचना निघाली की तिचा मराठी गोषवारा शाळेच्या फलकावर लावावा. गावातील सैनिकांना विचारून, त्यांच्या सोयीने, महिन्यातला एखादा तास ठरवून घ्यावा, म्हणजे त्यांचे बाकीचे दिवस त्यांचेच राहतील. पाड्यावरच्या दोन मुलांना स्वतः सोबत घेऊन यावे. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची, १९७७ साली सुरू झालेली शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, मुलींसाठी २०२३ पासूनची नाशिकची संस्था, लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिक रोडचे शासकीय छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या वाटा मुलांना दाखवाव्यात. हमखास निवडीची जाहिरात करणाऱ्या खासगी वर्गांची मोठी फी भरण्यापूर्वी हे सारे पाहून घ्यावे. आदर हवा, तसा डोळसपणाही हवा.

राहिली सेवा. सल्ला घेऊन गेलेला मुलगा पुन्हा फिरकतच नाही, ही सैनिकांची जुनी तक्रार आहे. यश मिळाले तर पेढे घेऊन जावेच; पण अपयश आले तरी जाऊन सांगावे. सैनिकाला पराभवाची बातमी ऐकण्याची सवय असते. न कळविण्याची नसते. आणि ज्याला वाट सापडली, त्याने मागून येणाऱ्या एकाला ती दाखवावी. 'सेवा परमो धर्मः' हे प्रबोधिनीचे ब्रीद आहे. खडकवासल्याला पोहोचल्यावर ते अंगी बाणेल, असे म्हणून चालणार नाही. ते म्हसावदमध्येच, सल्ला मागायला उचललेल्या पहिल्या पावलापासून अंगी बाणवावे लागेल.