भेटीला जा, पण कळवून जाऊ नका

मारेगाव तालुक्यातल्या सर्व बंधू-भगिनींना कळकळीची विनंती.

आपल्यापैकी ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे, काका-मावशी वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात आहेत, मग ते यवतमाळला असोत, नागपूर-चंद्रपूरला असोत की पुण्याला, त्यांनी दसऱ्याच्या आत एकदा तिथे जाऊन यावं. एकदा सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की मार्डी, कुंभा, बोटोणीपासून मारेगावापर्यंत कोणाच्याच घरात मोकळा माणूस उरत नाही. कापूस संपतो तोवर तूर येते, हरभरा येतो. भेट पुढे ढकलली जाते ती थेट होळीपर्यंत. ज्याच्याकडे महिनोन् महिने कोणी फिरकत नाही, त्या म्हाताऱ्या माणसाला तिथे छळाचा सगळ्यात जास्त धोका असतो.

जून 2025 मध्ये नोएडाच्या सेक्टर 55 मधल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेश राज्य महिला आयोगाने छापा घातला आणि 39 वृद्धांची सुटका झाली. कोणाला बांधून ठेवलेलं होतं, कोणी बंद खोलीत होतं. हात बांधलेल्या एका बाईचा व्हिडिओ पसरला म्हणून हे उघडकीला आलं. तो आश्रम काही रानात नव्हता, भर वस्तीत होता. आणि तिथल्या बऱ्याच जणांना मुलंबाळं होती.

आश्रम म्हटला की छळ, असं मुळीच नाही. जीव लावून सेवा करणाऱ्या बायका आणि पोरं मी पाहिली आहेत. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा संस्थांतल्या दर 3 कर्मचाऱ्यांपैकी 2 जणांनी वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी काही ना काही गैरवर्तन झाल्याचं स्वतःच कबूल केलं आहे. ही सगळी माणसं दुष्ट नसतात. रात्रपाळीला एकच बाई, पंधरा-वीस खाटा, चार जणांचे कपडे ओले, दोघे उठून पळू पाहणारे, तुटपुंजा पगार आणि विचारणारं कोणी नाही. अशा वेळी आधी आवाज चढतो, मग हात उठतो, मग दोरी येते, नाहीतर झोपेची गोळी.

आपली माणसं हे सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतील, "बरं हाये बापू इथं, तू कायजी नोको करू." तक्रार केली तर आपण निघून गेल्यावर रात्र त्यांनाच तिथे काढायची असते. पोराला त्रास नको, हेही मनात असतंच. म्हणून त्यांच्या शब्दावर थांबू नका.

कळवून जाऊ नका. कळवलं की आंघोळ घातलेली, पांघरूण बदललेलं, टिकली लावलेली आई दिसते. दुपारच्या जेवणाच्या वेळेला जा आणि ताट कुठे ठेवलं जातं ते पाहा. हात थरथरणाऱ्या माणसापुढे ताट ठेवून कोणी निघून जातं, अर्ध्या तासाने तेच ताट जसंच्या तसं उचललं जातं आणि वहीत लिहिलं जातं, "जेवले नाहीत." पाण्याचा गडू हात पोचेल इतका जवळ आहे का? काही ठिकाणी मुद्दाम कमी पाणी देतात, म्हणजे अंथरूण कमी ओलं होतं.

मग पांघरूण बाजूला करा. लाजू नका, ती तुमची माय आहे. टाचा पाहा, माकडहाड पाहा. सतत एकाच कुशीवर पडून राहिलं की तिथली कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग जखम होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, ती दिली गेली नाही हे ती जखमच सांगते. मनगटांभोवती, घोट्यांभोवती वळ आहेत का? दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या खुणा आहेत का? नखं, तोंडाचा वास, सैल झालेल्या बांगड्या, हरवलेला चष्मा, कवळी, कानाचं मशीन, सगळं पाहा. भर दुपारी माणूस सुस्त पडून असेल तर कोणती गोळी चालू आहे आणि ती कोणत्या डॉक्टरने लिहिली, हे कागदावर मागा. एखादा कर्मचारी खोलीत येताच तुमचे वडील बोलता बोलता गप्प झाले, तर तेही लक्षात ठेवा. दहा मिनिटं एकट्याने बसू द्या म्हणावं. एकटं बसूच देत नसतील, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

एक सावधगिरी हवी. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही हातावर निळे डाग उठतात. डाग दिसला की लगेच कोणाच्या अंगावर धावून जाऊ नका. फोटो काढा, त्यावर तारीख असू द्या, आणि बाहेरच्या डॉक्टरला दाखवा. सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद घेतली तर पुढे पोलिसांत तिचा उपयोग होतो.

धोका तातडीचा असेल तर 112 लावा. ज्येष्ठांसाठी देशभर 14567 ही मोफत हेल्पलाईन आहे, तिथे तक्रारही घेतात आणि काय करायचं तेही सांगतात. शेजारी, नर्स, भाजी पोचवणारा पोरगा, कोणीही फोन करू शकतो. लेखी तक्रार आश्रम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या समाजकल्याण कार्यालयाकडे द्या.

आता थोडं घरातलं. आश्रमात नेऊन सोडायचं आणि मागे श्रावणबाळ योजनेचे दीड हजार अंगठा घेऊन उचलायचे, सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा, हाही छळच आहे. ज्येष्ठांना टाकून देणं हा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चरितार्थासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आपल्यासाठी ते वणीला. आणि आजी-आबाजींनो, शेत किंवा घर मुलाच्या नावाने करून देत असाल तर "माझा सांभाळ करायचा" ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर हेच काम फार अवघड होतं.

गावातल्या गणेश आणि दुर्गा मंडळांना, बचत गटांना आणि कॉलेजच्या पोरापोरींना वेगळी विनंती. आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या अनेकांना भेटायला येणारं रक्ताचं कोणी उरलेलं नसतं. वर्षातून एकदा फळं वाटून फोटो काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा दोघंच जण जा, नावाने हाक मारा, तासभर बसा. चांगल्या आश्रमाला अशा येण्याजाण्याचा आधारच वाटतो.

14567 हा नंबर आजच मोबाईलमध्ये साठवा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला लावा, आणि वेचणीच्या आत आपल्या माणसाला भेटून या.