अस्वलांवरील आरोप

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांना वन्य पशूंच्या झुंजीचे विलक्षण आकर्षण होते. इंग्लंडच्या एडविन लँडसियरने १८५३ साली रात्री तळ्याकाठी झुंजणारी दोन नर हरणे रंगविली आणि जोडचित्रात सकाळी दोन्ही मेलेली दाखविली. फ्रान्सच्या कूर्बेने १८६१ साली अशीच झुंज भव्य पटावर मांडली. हे निसर्गाचे यथार्थ दर्शन, असे रसिक मानीत आले आहेत. आम्हांस ते मान्य नाही. माणूस पुष्कळदा आपला अपराध पशूच्या नावे लिहितो.

लँडसियरच्याच १८६४ सालच्या चित्राचा दाखला घ्या. ध्रुवप्रदेशाच्या बर्फात दोन अस्वले आहेत. एक लाल निशाण फाडीत आहे, दुसरे माणसाची बरगडी चावीत आहे. १८४५ साली निघालेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेतील १२९ माणसे तेथे नाश पावली. चित्राचे नाव : 'मनुष्य योजितो, ईश्वर घडवितो.'

परंतु साक्ष काय होती? तेथील इन्युइट लोकांच्या तोंडून ऐकून जॉन रे याने १८५४ सालीच कळविले होते की, उपासमारीत खलाशांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. डिकन्सने त्याच वर्षी आपल्या साप्ताहिकात या लोकांचा शब्द अविश्वसनीय ठरविला. ज्यांनी पाहिले ते खोटे ठरले आणि दहा वर्षांनी पटावर उभी राहिली ती मुकी अस्वले!

चित्रकाराने अस्वलांआडून माणसाचेच पशुत्व सुचविले, असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु त्या सूचनेत माणूस सुटतो आणि अस्वल अडकते, हीच आमची तक्रार आहे.

पुढे हाडांनीच साक्ष दिली. किंग विल्यम बेटावरील अस्थींवर सुरीच्या खुणा असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. २०२४ साली त्यांतील एक जबडा 'एरेबस' जहाजाचा कप्तान फिट्झजेम्स याचा असल्याचे सिद्ध झाले. त्यावरही त्याच खुणा होत्या. इन्युइट खरे बोलले होते.

भुकेने व्याकूळ झालेल्या त्या अभाग्यांना आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो सुरक्षित घरी बसून साक्षीदारांना खोटे पाडणाऱ्यांचा. आम्ही देवळाची पायरी चढणारे लोक आहोत. ईश्वरेच्छेवर आमची श्रद्धा आहे. म्हणूनच सांगतो, माणसाच्या कृत्याखाली देवाची सही करणे ही भक्ती नव्हे. ती बनावट सही आहे.