'अजून ठरले नाही' म्हणणाऱ्यांची बाजू

बारावी होऊन कला शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला 'मुख्य विषय कोणता घेणार?' असे विचारावे आणि त्याने 'अजून ठरले नाही' म्हणावे, की आपण त्याची नोंद मनातल्या मनात 'दिशाहीन' या रकान्यात करून मोकळे होतो. आमच्या मते प्रवेशाच्या रांगेत त्या दिवशी मिळालेले ते बहुधा एकमेव प्रामाणिक उत्तर असते. ज्याने तत्त्वज्ञानाचे एक पानही उलटलेले नाही, त्याने ते हवे की नको हे कशाच्या आधारावर सांगावे? ठामपणे सांगणारे तरी काय सांगतात? थोरल्या भावाच्या जुन्या नोट्स ज्या विषयाच्या घरात असतील, त्या विषयाचे नाव.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झाले. त्यातल्या पुष्कळ गोष्टींबद्दल आमचे मत बरे नाही. ते पुन्हा कधीतरी. पण एक तरतूद मात्र मनापासून पटते. पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकायचे, दुसऱ्या वर्षी त्यांतला एक 'मेजर' करायचा, एक 'मायनर', आणि तिसरा सोडायचा. म्हणजे 'अजून ठरले नाही' या उत्तराला शासनाने एका वर्षाची अधिकृत मुदत दिली. प्रश्न एवढाच, की ही मुदत विद्यार्थ्याच्या हाती पोचते का?

कन्नडचे उदाहरण घेऊ. (साहित्याच्या वाचकाला 'कन्नड' म्हटले की आधी भाषा आठवते; आम्ही घाट उतरून चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तालुक्याबद्दल बोलत आहोत.) पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी अशा गावांतल्या मुलामुलींच्या दृष्टीने कॉलेज म्हणजे कन्नड. संभाजीनगर साठेक किलोमीटरवर. तिथे खोली करून राहणे ज्यांना परवडते ते जातात. जे उरतात, त्यांची निवड तालुक्याच्या गावी असलेल्या विषयांपुरतीच. हा दोष कोणा एका महाविद्यालयाचा नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच गणित आहे: जितकी मंजूर पदे, तितके विषय. एक प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, वर्ष-दोन वर्षे तासिका तत्त्वावरचा कोणीतरी गाडा ओढतो, आणि मग तो विषय निमूटपणे प्रवेशपत्रिकेतून नाहीसा होतो. त्या गावातल्या कुणाच्याही मनात तो पुढे येत नाही. कारण जे यादीत नाही, त्याची आवड लागायची कशी?

यात भर कार्यभाराची. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावे असा नियम आहे. मुले नाहीत तर तास नाहीत, तास नाहीत तर पद धोक्यात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे पाहताना विभागाला वाचक दिसत नाहीत, डोकी दिसतात. मग दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर मनधरणी सुरू होते. 'आमच्याकडे ये, पेपर सोपा असतो, मार्क पडतात.' मुदत संपण्याआधीच मुलाच्या वतीने कुणीतरी ठरवून टाकलेले असते.

आमचा रोख इतरांहून अधिक मराठीच्या विभागांवर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आणि तोच विषय प्रवेशाच्या खिडकीवर 'सोपा' म्हणून खपवला जातो. सोपा म्हणून आलेला विद्यार्थी सोपेच मागणार, हे उघड आहे. त्याला गाइड पुरते. सहा कविता, चार उतारे, लेखक-परिचय आणि संभाव्य प्रश्न एवढ्या ऐवजावर कोणी आयुष्याची तीन वर्षे एका भाषेच्या साहित्याला देईल अशी अपेक्षा धरणे हाच अपमान आहे, विद्यार्थ्याचाही आणि साहित्याचाही. पहिल्या वर्षात त्याच्या हातात एक अख्खे पुस्तक पडले, ते वर्गात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले गेले आणि त्यानंतर त्याने अर्थशास्त्र निवडले, तर आम्ही ती मराठी विभागाची यशोगाथा मानू.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कपाशीच्या आणि मक्याच्या उत्पन्नावर शिकणाऱ्या घरांना हे चोचले परवडत नाहीत. मुलाने लवकर ठरवावे आणि भरतीच्या तयारीला लागावे. हा आक्षेप कळकळीचा आहे, म्हणूनच घातक आहे. ज्यांचे नाव इथल्या विद्यापीठाला आहे, त्या डॉ. आंबेडकरांकडे पाहावे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यांनी १९१६ च्या मे महिन्यात वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, 'मेजर'च्या वर्गात नव्हे. शिष्यवृत्तीच्या मोजक्या मुदतीत शिकणाऱ्या माणसाने हे केले. त्यांना परवडले आणि पिशोरच्या मुलीला परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे, की तिच्यापुढे निवडायला ठेवले आहे काय.

दुसरा एक युक्तिवाद साहित्यिक मंडळींच्या विशेष आवडीचा आहे. याच जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर जळगावला कॉलेजचे पहिले वर्ष करून शेतीकडे परतले आणि कवी झाले. त्यांचे कुठे अडले? त्यांचे अडले नाही, खरे आहे. पण अपवादाचा दाखला देऊन वर्गातल्या चाळीस जणांची सोय टाळायची, ही युक्ती जुनी आहे. शिवाय महानोरांची कविता ज्याला वर्गातच पहिल्यांदा भेटणार, त्याच्यासाठी तो वर्ग नीट चालवावा लागतो.

करायचे ते फार अवघड नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत नक्की शिकवले जातील अशा विषयांची यादी प्रवेशाआधी फलकावर लावावी. 'मेजर'चा अर्ज विभागाच्या खोलीत भरून घेऊ नये, कार्यालयात घ्यावा. पहिल्या वर्षी प्रत्येक विभागाने आपल्याकडचे अनुभवी शिक्षक द्यावेत, उरलेले नव्हे. आणि कोणत्याही विषयाचा तास वर्षभर वेळापत्रकाच्या शेवटी टाकू नये. लांबच्या गावची मुले तोवर एसटी स्थानकावर गेलेली असतात.